वीजजोडणी घेतलीच पाहिजे का?

प्रश्न : नागपुरात बेसा भागात आम्ही घर बांधत आहोत. छतावर सौरपॅनल आणि सोबत बॅटऱ्या बसवून महावितरणची जोडणी घेतलीच नाही, तर चालेल का?

उत्तर : कायद्याने चालेल. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ४३ नुसार मागणी करणाऱ्याला वीज पुरवण्याचे बंधन वितरण कंपनीवर आहे. घरमालकाने ती मागितलीच पाहिजे, असे हे कलम म्हणत नाही.

खरी अडचण हिशेबाची आहे. एक किलोवॅटचे पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला सुमारे ४ युनिट वीज देते आणि मे महिन्यात २०० वॉटचा एक कूलर दहा तास चालला, की २ युनिट रात्रीतच बॅटरीतून जातात. श्रावणातली झड तीन-चार दिवस लागली, तर कितीही मोठी बॅटरी अपुरी वाटू लागते. शिवाय पीएम सूर्यघर योजनेचे ७८,००० रुपयांपर्यंतचे अनुदान वीजजोडणी असलेल्या घरांनाच मिळते. त्यामुळे जोडणी घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. मात्र साधा ऑनग्रिड, म्हणजे महावितरणच्या वीजपुरवठ्याला जोडूनच चालणारा, इन्व्हर्टर वीज जाताच सुरक्षेसाठी स्वतःही बंद पडतो, म्हणून बॅटरीसह चालणारा हायब्रिड इन्व्हर्टरच बसवावा.