तांब्याच्या जुन्या नाण्यावरचा ठसा चांगला की कच्चा, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांच्या डब्यात तांब्याची नाणी सापडली. एक शिवराई (शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं), एक तराजूचं चित्र असलेला ईस्ट इंडिया कंपनीचा 1804 चा पैसा आणि 1835 चे काही पाव आणे. नाणी विकणाऱ्या एकाने शिवराई "ठसा कच्चा आहे" म्हणून बाजूला सारली आणि पाव आण्यांना "ठसा छान आहे" म्हणाला. हे बरोबर आहे का?

मला हे पटत नाही. त्याने तिन्ही नाण्यांना एकच माप लावलं. ती वेगवेगळ्या टाकसाळींतून, वेगवेगळ्या पद्धतींनी पाडलेली आहेत. एकावर जो पुसटपणा दिसतो त्याचं कारण दुसऱ्यावर वेगळं असतं.

आधी ठसा आणि झीज वेगळी करायला शिका. पाडतानाच ठसा अपुरा उमटणं ही एक गोष्ट, आणि चांगला उमटलेला ठसा कनवटीला, चंचीत, गल्ल्यात वर्षानुवर्षं फिरून पुसट होणं ही दुसरी. लांबून दोन्ही सारखी दिसतात. म्हणून सकाळी खिडकीशी बसा, सोनार वापरतात तसं दहापट भिंग घ्या आणि नाणं तिरक्या उजेडात हळूहळू फिरवा. अक्षराचा माथा बघा. ज्या कोरीव हत्याराने नाणं पाडतात त्यालाही ठसाच म्हणतात; त्यात अक्षर खोल कोरलेलं असतं आणि त्या खोलीत तांबं चढायला जोर लागतो. जोर कमी पडला तर तांबं तळापर्यंत पोचत नाही, आणि अक्षराच्या माथ्यावर तांब्याच्या कोऱ्या चकतीचा मूळचा खडबडीतपणा जसाच्या तसा उरतो. बारीक खड्डे, ठोकून चपटं केल्याच्या खुणा. झिजलेल्या अक्षराचा माथा मात्र गुळगुळीत असतो, उंबरठ्याच्या मधल्या भागासारखा.

दुसरी खूण त्याहून भरवशाची. झीज नाण्यावरच्या सगळ्या उंच भागांवर एकदम येते, कच्चा ठसा बहुधा एका बाजूला असतो. पुसट जागा दिसली की नाणं उलटवा आणि बरोबर त्याच जागेची पाठ बघा. पाठीवरही पुसट असेल तर चकती तिथे पातळ होती, दोन्ही ठशांना पुरेसं तांबं मिळालं नाही. पाठ स्वच्छ असेल आणि पुढच्याच बाजूला एका अंगाला खोल, दुसऱ्या अंगाला उथळ असं असेल, तर वरचा ठसा हातात कलता धरला गेला होता. हे एकदा डोळ्यात बसलं की नाणं पाडणाऱ्याचा हात कुठल्या अंगाला झुकला होता हेसुद्धा सांगता येतं. मला या छंदातली सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच.

तिसरा प्रकार म्हणजे ठसाच झिजलेला असणं. वार जोरदार बसला तरी अक्षरं जाडी, फुगीर येतात आणि त्यांच्या कडा नाण्याच्या काठाकडे ओढल्यासारख्या दिसतात. ठशाला तडा गेला असेल तर नाण्यावर एखादी उंच, वेडीवाकडी रेघ येते. तिला ओरखडा समजू नका. ओरखडा खोल जातो, तड्याची रेघ वर उठलेली असते. नखाने कळतं.

आता शिवराईकडे येऊ. 1674 च्या राज्याभिषेकापासूनची ही परंपरा: एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. ती महाराजांनंतरही फार काळ पाडली गेली. पेशवाईत टाकसाळी मक्त्याने दिल्या जात आणि शिवराईवर टाकसाळीचं नाव नसतं, त्यामुळे अक्षरांचं वळण, ठिपक्यांची रचना आणि तांब्याची जाडी एवढ्यावरच अंदाज बांधावा लागतो. पाडायची रीत हाताची. खालचा ठसा ऐरणीत पक्का, वरचा ठसा हातात, मध्ये तांब्याची चकती आणि वरून घणाचा घाव. बऱ्याचदा चकती ठशापेक्षा लहान असायची, म्हणून पूर्ण मजकूर एका नाण्यावर मावतच नसे. 'श्री' आहे तर 'शिव' अर्धा, 'पति' आहे तर 'छत्र'चा माथा कापलेला. हा त्या नाण्याचा दोष धरायचाच नाही. चकतीवर जेवढा ठसा आला आहे, तेवढा किती खोल आला आहे ते बघायचं.

माझ्याकडे पुण्याच्या जुन्या बाजारात घेतलेली एक शिवराई आहे. विकणारा ती अर्धवट म्हणून देत होता. 'राजा'मधला 'जा' आणि खाली 'शि', एवढंच नीट आहे. पण त्या 'शि'ची वेलांटी भिंगाखाली धरली तर ठसा कोरणाऱ्याने कोरणी जिथे टेकवली आणि जिथे उचलली, ती दोन्ही टोकं दिसतात. वळणाच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत तांबं भरलंय. काठाला एक तडा आहे, तो घावाच्या जोराने फुटलेला. माझ्या संग्रहात सगळी अक्षरं दिसणाऱ्या शिवराया आहेत, पण ठशाच्या बाबतीत मी हिला त्यांच्या वर ठेवतो.

उत्तरकाळात दुदांडी शिवराई आली. तिच्या मागच्या बाजूला 'छत्र' आणि 'पति' यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा असतात. तिची अक्षरं मुळातच ओबडधोबड कोरलेली असतात. ठसा उत्तम उमटला तरी अक्षर देखणं दिसणार नाही, आणि ते कोरणाऱ्याच्या खात्यावर टाकायचं, घणाच्या नाही.

तुमचा तराजूवाला पैसा अगदी उलट टोकाचा. तो मुंबई इलाख्यासाठी असला तरी मुंबईत पाडलेला नाही. तो इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ सोहो इथे मॅथ्यू बोल्टन या कारखानदाराच्या, वाफेच्या यंत्रांवर चालणाऱ्या टाकसाळीत पाडला गेला आणि जहाजाने इकडे आला. एका बाजूला कंपनीची ढाल आणि सिंह, दुसरीकडे तराजू, दोन पारड्यांच्या मध्ये फारसीत 'अदल', म्हणजे न्याय, आणि खाली हिजरी सन 1219. यंत्राचा दाब प्रत्येक नाण्यावर जवळजवळ सारखा पडायचा. म्हणून या नाण्यावर सिंहांची आयाळ पुसट दिसली तर आधी झिजेचा संशय घ्यायचा, ठशाचा नाही. शिवराईवर जे माफ करायचं ते इथे माफ करायचं नाही. पारड्यांच्या साखळ्या बघा. त्या सुट्या सुट्या दिसत असतील तर नाणं फारसं फिरलेलं नाही.

1835 चा पाव आणा या दोघांच्या मधला. तो कलकत्ता, मुंबई आणि मद्रास अशा तिन्ही टाकसाळींत पाडला गेला, आणि त्यावरही टाकसाळीचं नाव नाही. यंत्राचं काम असलं तरी नग अफाट, त्यामुळे ठसे शेवटपर्यंत रेटून वापरलेले दिसतात. तुमच्या विक्रेत्याला जो 'छान ठसा' दिसला तो बहुधा नाण्याचा गोल काठ आणि मोठी अक्षरं. तुम्ही सिंहांच्या खालच्या पट्टीवरची बारीक लॅटिन अक्षरं वाचता येतात का ते बघा, आणि मागच्या बाजूला पानांच्या शिरा. ढाल स्वच्छ असून पट्टीवरची अक्षरं एकमेकांत मिसळली असतील तर तो थकलेल्या ठशाचा नग.

इथे वजनही कामाला येतं. पाव आण्याचं ठरलेलं वजन 100 ग्रेन, म्हणजे सुमारे 6.48 ग्रॅम. सोनाराच्या काट्यावर ठेवा. नाणं पुसट आहे पण वजन 6.4 च्या आसपास भरतंय, तर तांबं कुठे गेलेलं नाही, ठसाच कच्चा होता. तेवढंच पुसट दुसरं नाणं सहाच्या खाली आलं तर ते झिजलंय. शिवराईला ही परीक्षा लावू नका, तिच्या चकत्यांची वजनं मुळातच कमीजास्त असतात.

शिवरायांच्या नकला बाजारात फार आहेत, म्हणून एक सावधगिरी. साच्यात ओतलेल्या नकलेची अक्षरं मऊ, गोलसर येतात आणि ती 'कच्चा ठसा' म्हणून सहज खपते. भिंगाखाली अक्षरांच्या बुडाशी सुईच्या टोकाएवढी हवेची छिद्रं आणि काठाभोवती घासलेल्या सांध्याची रेघ शोधा. घावाने पाडलेल्या नाण्याला सांधा नसतो.

आणि कळकळीची विनंती, नाणी चिंचेने किंवा राखेने घासू नका. मी शाळेत असताना माझ्याकडची पहिली शिवराई चिंच लावून लखलखीत केली होती. तिचे अक्षरांचे माथे आज इतके गुळगुळीत आहेत की ठसा मुळात कसा होता हे मलाही सांगता येत नाही. काळपट तपकिरी थर राहू द्या. हिरवा कळक पावडरीसारखा सुटत असेल तर तेवढं नाणं वेगळ्या कागदात ठेवा.

तुमच्या शिवराईचा निकाल फोटोशिवाय देता येणार नाही. दोन्ही बाजूंचे, उजेड डावीकडून तिरका घेऊन काढलेले फोटो आणि काठाचा एक फोटो इथे टाका. पुसट जागेची पाठ कशी आहे तेही लिहा. मी बघून सांगतो.