दुभाषी हवा, पण कोणत्या गावचा?

प्रश्न : ताई, मी कोल्हापूरची, हातमाग आणि भरतकामावर लिहिते. मे महिन्यात आठ दिवस बेल्जियममध्ये ब्रुगेला जातेय. लेस विणणाऱ्या दोन-तीन आजींच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. शेवटच्या संध्याकाळी तिथल्या एका कवयित्रीबरोबर छोटा कार्यक्रमही आहे. मी फ्लेमिश-इंग्रजी दुभाषी मागितला, तर एका एजन्सीने ‘डच दुभाषी देऊ, शपथबद्ध असेल’ असं कळवलं. चालेल का?

उत्तर : एजन्सीने फसवलेलं नाही. फ्लँडर्सची, म्हणजे ब्रुगे ज्यात येतं त्या उत्तर बेल्जियमची, राजभाषा डचच. फ्लेमिश म्हणजे तिकडची डच, त्यामुळे बेल्जियन चेंबर ऑफ ट्रान्सलेटर्स अँड इंटरप्रिटर्सच्या यादीतही ‘डच-इंग्रजी’ असंच शोधा. शपथबद्ध दुभाषी कोर्टकचेरीला लागतो. तुम्हाला त्याचा काही उपयोग नाही.

फोनवर पहिला प्रश्न विचारा : तुम्ही लहानाचे मोठे कुठे झालात? ॲमस्टरडॅम म्हणाले तर आभार माना. अँटवर्प म्हणाले तर विचार करा. ब्रुगे, ओस्टेंड, कोर्टराइक म्हणाले तर लगेच तारीख पक्की करा. ही तिन्ही गावं पश्चिम फ्लँडर्सची, आणि तिथली बोली इतकी निराळी, की टीव्हीवर तिथला माणूस बोलू लागला की खाली डच अक्षरं येतात. मी गेंटला 19 वर्षं राहतेय, दुभाष्याचंच काम करते. वर्गात ‘चांगलं’ला ‘खूट’ शिकले होते. ब्रुगेच्या आजी त्या ‘ख’चा ‘ह’ करतात, आणि डचमध्ये ‘हूट’ म्हणजे टोपी. म्हणून त्यांचं ‘चांगलं’ मला ‘टोपी’ ऐकू आलं, आणि मी खोलीभर टोपी शोधत बसले!

आता लेस. लेसला तिथे ‘कांट’ म्हणतात, आणि कडेला, बाजूलाही ‘कांट’च. आपला काठ आठवा : लुगड्याचाही आणि नदीचाही. याच शब्दाने मला एकदा भर कार्यक्रमात पाडलं. कवयित्रीने आधी न दिलेली नवी कविता वाचायला घेतली. मी उभ्या उभ्या ‘लेस’ म्हणून मोकळी झाले, आणि पुढच्याच ओळीत होड्या आल्या. तेव्हापासून कविता तिथल्या तिथे सांगायचं काम मी घेत नाही. तुम्हीही कुणाला सांगू नका. दोन आठवडे आधी मजकूर मागवा, कविता साहित्यिक अनुवादकाकडून करून घ्या, आणि दुभाष्याला फक्त गप्पा द्या. अनुवादक कसा शोधायचा? फ्लेमिश कवितांची इंग्रजी पुस्तकं उघडा, नाव आतच असतं. अँटवर्पची ‘लिटेराटूर व्लांडरेन’ ही सरकारी संस्था अनुवादांना मदत करते, तिथेही विचारा.

बाल्स्ट्राट या गल्लीत ‘कांटसेंट्रुम’ आहे, लेसचं संग्रहालय आणि शाळा. मुलाखतीआधी दुभाष्याला घेऊन तिथे एक दुपार घालवा. लेस विणायची उशी, टाचण्या, लाकडी बॉबिन (दोरा गुंडाळायच्या काड्या), प्रत्येक गाठीचं नाव त्याच्या कानावरून जाऊ दे. डोळ्यांनी न पाहिलेली गाठ तो ‘एक प्रकारची गाठ’ म्हणून उरकेल, आणि तुमच्या वहीत तेवढंच उरेल.

तासाभराच्या गप्पांना दोन तास धरा, कारण सगळं दोनदा बोललं जातं. दुभाष्याला आजींच्या किंचित मागे बसवा, म्हणजे त्या बोलताना तुमच्याकडे बघतील. बॉबिन चालू असताना प्रश्न विचारू नका, मोजणी चुकते. हात थांबले की त्या आपणहून बोलतात, बहुतेक कॉफीबद्दल.