गूगलवर आमची वेबसाइट सापडतच नाही

प्रश्न : मी जुनी यांत्रिक घड्याळं दुरुस्त करतो. घड्याळांचे बिघाड समजावून सांगणारी माझी वेबसाइट आहे. तिचं नाव टाकलं की ती लगेच येते. पण ‘घड्याळ पुढे का पळतं’ असं शोधलं तर कुठेच दिसत नाही. एक एजन्सी हजारो लिंक जोडून महिनाभरात पहिला क्रमांक मिळवून देण्याची हमी देते आहे. पैसे भरावेत का? वेबसाइटचा पत्ता सोबत देत आहे.

उत्तर : भरू नका. पहिल्या क्रमांकाची हमी कोणालाच देता येत नाही, हे खुद्द गूगलच आपल्या मार्गदर्शनात सांगतं. लिंकला महत्त्व आहे, हे खरं. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगल सुरू केलं, तेव्हा त्याचा पायाच हा होता की ज्या पानाकडे इतर चांगली पानं बोट दाखवतात, ते पान मोलाचं. म्हणूनच लिंक विकण्याचा धंदा फोफावला. त्याला आळा घालायला २०१२ मध्ये गूगलने क्रम लावण्याच्या आपल्या पद्धतीत ‘पेंग्विन’ हा बदल आणला. आज विकतच्या लिंक एक तर मोजल्याच जात नाहीत, नाहीतर उलट कारवाई ओढवून घेतात.

तुमची पानं मी वाचली. हेअरस्प्रिंगला, म्हणजे घड्याळाची लय सांभाळणाऱ्या बारीक स्प्रिंगला, तेल लागलं की तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात, स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते आणि घड्याळ पुढे पळू लागतं. स्प्रिंगमध्ये चुंबकत्व शिरलं तरी तसंच होतं, हे तुम्ही इतकं सोपं करून सांगितलं आहे की मला पहिल्याच वाचनात कळलं. पण हा सगळा मजकूर वहीच्या पानांचे फोटो काढून टाकलेला आहे! चित्रातल्या अक्षरांवर शोधयंत्र फारसं विसंबत नाही. लोक जे विचारताहेत त्याचं उत्तर तुमच्यापाशी आहे आणि ते फोटोत अडकून पडलंय, याची मला खरंच हळहळ वाटली. तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्राला वाचता येणाऱ्या प्रमाण अक्षरपद्धतीत, टाइप करून घ्या. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये नको. तो पडद्यावर मराठी दिसतो, पण यंत्राला मात्र इंग्रजी अक्षरांची खिचडी वाचायला मिळते. बाकी काहीच जमलं नाही तरी एवढं कराच.

मग शीर्षकं. तुमच्या प्रत्येक पानाचं टायटल एकच आहे : वेबसाइटचं नाव. त्यामुळे नाव टाकणाऱ्यालाच तुम्ही सापडता. घड्याळ बिघडलेला माणूस ‘हेअरस्प्रिंग’ टाइप करणार नाही, त्याला तो शब्दच ठाऊक नसतो. तो लिहील, ‘घड्याळ पुढे पळतंय’, ‘चावी देऊनही घड्याळ बंद’. तुमच्याकडे येणारे लोक तक्रार ज्या शब्दांत सांगतात, तेच शब्द शीर्षकात आणि पहिल्या परिच्छेदात येऊ द्या. एका तक्रारीला एक पान द्या आणि संबंधित पानं एकमेकांना जोडा. कोडमध्ये कीवर्डची, म्हणजे शोधशब्दांची, जी लांबलचक यादी भरली आहे, तिच्यावर आणखी वेळ घालवू नका. क्रम लावताना ती आपण विचारात घेत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं आहे.

सर्च कन्सोल हे गूगलचं साधन मोफत आहे. त्यात वेबसाइट नोंदवा. आतली पानं इंडेक्समध्ये, म्हणजे गूगलच्या नोंदीत, आहेत का, हे तिथे पान न् पान तपासता येतं. वेबसाइट बांधताना लावलेला ‘नोइंडेक्स’, म्हणजे हे पान नोंदवू नका असा आदेश, काढायचा राहून गेला असेल, तर तेही तिथेच कळेल. लोक काय शोधत तुमच्यापर्यंत आले, याची यादीही मिळते. ती मन लावून वाचा, पुढच्या लेखांचे विषय त्यातच सापडतील.

जे फोटो पानांवर ठेवाल, त्यांच्या फाइल मात्र हलक्या करा. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, अशी गूगलची अपेक्षा असते. पानांचे पत्ते बदलावे लागलेच, तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं वळण, म्हणजे ३०१ रिडायरेक्ट, लावून घ्या.

महिनाभराचं म्हणाल, तर अशा सुधारणा करून त्यांचा लाभ दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते वर्ष लागतं, असं गूगलच सांगतं.

प्रश्न : एआयकडून रोज दहा लेख लिहून घेऊन टाकले तर वेबसाइट वर येईल का?

उत्तर : लेख कोणी लिहिला यापेक्षा तो वाचणाऱ्याच्या उपयोगाचा आहे का, हे पाहतो, अशी भूमिका गूगलने २०२३ मध्ये मांडली. पण केवळ क्रमांकासाठी ढिगाने पाडलेला मजकूर, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने, मार्च २०२४ पासून स्पॅमच्या नियमांत बसतो. रोज दहा लेख तुम्ही स्वतः वाचून, तपासून घेणार आहात का? नसाल, तर आठवड्याला एकच लिहा. पण त्यात असं काही असू द्या, जे तुम्ही स्वतः करून पाहिलं आहे.