एफडी पुतणीची, घाई जामीनदाराची

प्रश्न : माझा धाकटा भाऊ एरंडोलजवळ हायवेवर ट्रकच्या धडकेत गेला. जळगावला दावा लावला, भरपाई मिळाली. पुतणी आता अठराची झाली, तिच्या नावची एफडी मोकळी होतेय. बारावी सायन्सला ७८ टक्के, सीईटी दिलीय, बी.एस्सी. ॲग्री करायचं म्हणते. पण भावाचं देणं आहे : कृषी केंद्राची उधारी, पतपेढी (तिथे मी जामीनदार), एक सावकार. बापाचं देणं पोरांनीच फेडायचं असतं. एफडी तिकडे लावून तिला वर्षभरात नोकरी लागेल असा कोर्स सांगा.
– एक काका, तालुका पारोळा

उत्तर : नाना, कोर्सचं नंतर बघू. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. भावाने हप्ते थकवले की पतपेढी जामीनदाराकडे येणारच. तुमची झोप उडाली असेल, ते समजतं. पण ही काळजी तुमची आहे. ती पुतणीच्या करिअरचा प्रश्न म्हणून माझ्यापुढे ठेवू नका. पतपेढीत जा, व्याजात सूट मागा, एकरकमी तडजोडीचं विचारा.

आता ‘बापाचं देणं पोरांनी फेडायचं’ याबद्दल. पारावर हे अजून चालतं, कायद्यात नाही. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली. त्यानंतर काढलेल्या कर्जासाठी केवळ ‘पुत्रधर्म’ म्हणून मुलाला जबाबदार धरता येत नाही. वारस देणं लागतो तो मयताची जी मालमत्ता हातात आली तेवढ्यापुरताच. शेत वारशाने आलंय, सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असेल तर तो राहील. अपघाताच्या भरपाईचं तसं नाही. निकालपत्राची शेवटची पानं काढून बघा. समजा, वय ४२ आणि कमाई महिना १२ हजार धरली. त्यात भविष्यातल्या वाढीचे २५ टक्के मिळवले की १५ हजार. मागे बायको आणि दोन लेकरं, म्हणून भावाच्या स्वतःच्या खर्चापोटी एक तृतीयांश वजा. उरले १० हजार. गुणिले १२ महिने, गुणिले १४ (हा वयावरून ठरलेला गुणक) : १६ लाख ८० हजार. म्हणजे भाऊ जगता तर जे घरात आलं असतं, तेच कोर्टाने घरच्यांना दिलंय. ते भावाने मागे ठेवलेलं धन नव्हे, घरच्यांच्या नुकसानीची भरपाई आहे. धनकोला बोट ठेवता येईल ते मयताच्या मालमत्तेपोटी वेगळ्या दाखवलेल्या रकमेवर, आणि ती साधारण १५-२० हजारांच्या घरात असते. अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या मुलांचा वाटा एफडीत अडकवून ठेवतात तो मोठ्यांनी हात घालू नये म्हणूनच. वहिनींनी कुठे स्वतः जामीन म्हणून सही केली असेल, तर मात्र त्यांची जबाबदारी वेगळी. तेवढं तपासा.

सावकाराला आधी परवाना दाखवायला सांगा. नसेल तर २०१४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करा. आणि पुतणीची सही आता चालते, म्हणून तिला कुठल्याही स्टॅम्प पेपरवर किंवा चेकवर सही करायला लावू नका. कृषी केंद्रवाल्याला वहिनींनी स्वखुशीने कापूस मोजल्यावर थोडंथोडं द्यायचं ठरवलं, तर तो त्यांचा मोठेपणा. त्यात पोरीच्या एफडीचा संबंध नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बायकांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. वहिनी आणि पुतणीने तिथे जावं. तुम्ही सोबत गेलात तरी बाहेर बसा, कारण यात तुमचा स्वार्थ आहे.

कोर्सचं एका ओळीत : सीईटी दिलीय, तर कॅप राउंडला (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीला) नोंदणी करा, धुळ्याचं कृषी महाविद्यालय पसंतीक्रमात वर टाका. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर मुलींना २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, पण प्रवर्गाची अट बघून घ्या आणि प्रवेश कॅपमधूनच हवा. म्हणजे एफडी लागेल ती राहण्या-जेवणाला. वर्षभरात नोकरी देणारा कोर्स मी सुचवणार नाही. ७८ टक्क्यांच्या पोरीला त्याची गरज नाही. उत्पन्नाचा दाखला काढायला तलाठ्याकडे या आठवड्यातच जा, प्रवेशाच्या दिवसांत तहसीलला रांग लागते.