एन्झाइमची पावडर घेऊन चॉकलेट सिस्ट विरघळते का?

प्रश्न: ताई नमस्कार, मी चोपड्याची, वय 29. पाळीत दोन दिवस उभं राहवत नाही इतकं दुखतं, सासूबाई म्हणायच्या "पाळीमा पोट तं दुखसच" म्हणून पाच-सहा वर्षं अंगावर काढलं, आता जळगावला सोनोग्राफी केली तर एंडोमेट्रिओसिस निघालं, डाव्या ओव्हरीत चॉकलेट सिस्ट आहे. नणंदेने एन्झाइमची पावडर पाठवलीय, म्हणे शरीरात एन्झाइम कमी पडले की हे होतं. घेऊ का?

उत्तर: नका घेऊ ताई. एंडोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजणं, आणि ओव्हरीत त्यांची जुन्या रक्ताने भरलेली गाठ झाली की ती चॉकलेट सिस्ट. या आजारात एन्झाइम, म्हणजे शरीरातल्या क्रिया घडवणारी प्रोटीन, कमी पडत नाहीत, उलट नको त्या जागी जास्त काम करतात.

पाळीचं थोडं रक्त गर्भाशयाच्या नळ्यांमधून उलटं पोटात जाणं बहुतेक बायकांमध्ये होतं, सॅम्पसन या अमेरिकन डॉक्टरांनी 1927 मध्येच ते मांडलं होतं, पण आजार साधारण दहात एकीला होतो. त्या रक्तातल्या पेशींना पोटात रुजायला जागा लागते आणि ती करून देतात एमएमपी नावाचे एन्झाइम, पेशींभोवतीची जाळी कापून. पाळीत अस्तर सुटायलाही तेच लागतात, एरवी प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन त्यांना आवरतं, पण या पेशी प्रोजेस्टेरॉनचं नीट ऐकतच नाहीत.

दुसरा एन्झाइम अरोमाटेज. गर्भाशयाच्या निरोगी अस्तरात तो जवळपास नसतोच, या रुजलेल्या पेशींच्या गाठींत मात्र असतो आणि तिथल्या तिथे इस्ट्रोजेन हे हार्मोन बनवतो. इस्ट्रोजेनमुळे कॉक्स-2 हा एन्झाइम वाढतो, त्यातून प्रोस्टाग्लँडिन हे रसायन तयार होतं, तेच तुम्हाला कळा आणतं आणि परत अरोमाटेजला जोर देतं. तुमच्याकडे केळीची एक फणी पिकली की तिच्या गॅसने शेजारची पिकते आणि तीही गॅस सोडायला लागते ना, अगदी तसंच चक्र आहे हे, एकदा सुरू झालं की सहसा आपोआप थांबत नाही. म्हणून दुखणं सोसत बसू नका हो, खरंच.

औषधं हेच चक्र तोडतात. मेफेनॅमिक अ‍ॅसिडसारखी गोळी कॉक्सला अडवते, डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी इस्ट्रोजेन कमी करते, लेट्रोझोल थेट अरोमाटेजवर जातं पण ते निवडक पेशंटलाच आणि डॉक्टरांच्या देखरेखीतच देतात. पावडरमधले एन्झाइम म्हणजे प्रोटीन, पोटात बरेचसे पचूनच जातात, त्यांनी सिस्ट विरघळते याला भक्कम पुरावा नाही.

मूल हवंय का हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा, कारण डायनोजेस्टसारख्या हार्मोनच्या गोळ्या चालू असताना सहसा दिवस राहत नाहीत, मग उपचारच वेगळा ठरतो. आणि जाताना कोणत्या दिवशी किती दुखलं ते वहीत लिहून न्या, शौचाला किंवा संबंधाच्या वेळी दुखत असेल तर तेही, लाजू नका.