डोकं दुखताना नाकही गळतं, मग हे सायनस की मायग्रेन?

अर्धंच डोकं ठणकतंय, मळमळतंय, उजेड नको वाटतोय म्हणताय तर बहुतेक मायग्रेनच, नाक गळतंय म्हणून लगेच सायनस ठरवू नका कारण मायग्रेनमध्ये पण नाकाडोळ्यातून पाणी येऊ शकतं (यात भलेभले फसतात). सायनसचं असेल तर शेंबूड घट्ट पिवळा-हिरवा, नाकाला कशाचाच वास येत नाही, कधी ताप. इंटरनॅशनल हेडेक सोसायटीच्या निकषांप्रमाणे मायग्रेनचा अटॅक औषध न घेता 4 ते 72 तास चालतो, जिना चढलं तरी वाढतो. टेन्शनवालं डोकं दोन्हीकडून पट्टा आवळल्यासारखं दुखतं पण माणूस कामं रेटतो. फक्त, अचानक आयुष्यात कधी नव्हे इतकं दुखलं किंवा बोलताना जीभ अडखळली तर प्रकार ओळखत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.