चुंबकी रेणू चिकटवण्याआधी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल दोनदा वाचली. कार्बन नॅनोट्यूबवर, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळीवर, चुंबकी रेणू (एकेकटा इवल्या चुंबकासारखा वागणारा) बसवायचं काम घेतलंस, फार आनंद झाला. एका वाक्याशी मात्र अडलो. रेणू सुटून येऊ नये म्हणून तू तो पक्क्या सहसंयुज बंधाने, म्हणजे दोन अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेऊन होणाऱ्या बंधाने, जोडणार आहेस. हे पत्र त्या वाक्यासाठी.

नळीतून वीज इतकी सहज वाहते ती भिंतीतल्या जाळीमुळे. तिथला प्रत्येक कार्बन तीन शेजाऱ्यांना धरून असतो आणि त्याचा चौथा इलेक्ट्रॉन नळीभर मोकळा फिरतो. भिंतीवर सहसंयुज बंध केलास की त्या जागच्या कार्बनचा तो चौथा इलेक्ट्रॉन तुझ्या रेणूत अडकतो. जाळी तिथे बिघडते. जेमतेम एक नॅनोमीटर व्यासाच्या नळीत इलेक्ट्रॉनाला वळसा घालून जायला जागाच नसते. रेणू पक्का बसेल, पण ज्या वाहकासाठी सगळा खटाटोप केला तोच हातचा जाईल.

फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या वर्न्सडॉर्फर आणि जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या रूबेन यांच्या संशोधक गटांनी २०११ साली छापलेलं काम नीट वाच. त्यांचा रेणू होता टर्बियम या धातूचा: दोन थॅलोसायनिन कड्यांच्या मध्ये टर्बियमचा एक अणू, भाकरीच्या दोन चतकोरांत लोण्याचा गोळा ठेवावा तसा. (थॅलोसायनिन म्हणजे निळ्या शाईत आणि रंगात वापरतात त्याच कुळातलं.) एका कड्याला त्यांनी पायरीनची शेपटी लावली. पायरीनमध्ये बेंझिनची चार कडी एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे तो सपाट असतो आणि नळीच्या भिंतीला नुसता टेकून बसतो. एकही बंध तुटत नाही की नवा होत नाही. तरीही नळीच्या टोकांना साधे, चुंबकी नसलेले धातू असताना, केवळ या रेणूंची दिशा बदलल्यामुळे नळीचा रोध बदलला. रेणूंचे चुंबक एका दिशेला असले की प्रवाह जातो, उलटसुलट असले की अडतो. १ केल्विनच्या खाली, म्हणजे उणे २७२ अंश सेल्सिअसहूनही थंडीत, हा फरक ३०० टक्क्यांपर्यंत गेला. मी तो आलेख पहिल्यांदा पाहिला तेव्हा जेवायचं विसरलो होतो.

यातली एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. टर्बियमचं चुंबकत्व ज्या इलेक्ट्रॉनांत आहे ते अणूत खोल दडलेले असतात. नळीतल्या इलेक्ट्रॉनाला त्यांची खबर लागते ती दोन्ही कड्यांवर पसरलेल्या एका एकट्या इलेक्ट्रॉनामुळे. जोडताना रेणूने एखादा जास्तीचा इलेक्ट्रॉन घेतला तर या एकट्याला जोडीदार मिळतो आणि निरोप्याच नाहीसा होतो. म्हणून रेणू नळीवर आहे एवढं दाखवून भागत नाही, तो कोणत्या स्थितीत आहे हेही दाखवावं लागतं. मँगनीजचे बारा अणू असलेला तो प्रसिद्ध रेणू, ज्याच्यापासून १९९३ साली या विषयाला खरी चालना मिळाली, पृष्ठभागावर बसवताना असाच दगा देत आला आहे: मँगनीजची स्थिती बदलते आणि चुंबक मरतो.

आता माझी चूक सांगतो, कारण ती तू करू नयेस असं मनापासून वाटतं. उमेदवारीच्या काळात मी रेणू जोडलेल्या नळ्यांची पूड चुंबकमापकात ठेवली आणि सुरेख वक्र मिळाला. आठवडाभर हवेत होतो. मग कोऱ्या नळ्या मोजल्या. तोच वक्र! नळ्या वाढवताना वापरलेल्या लोखंडाचे कण आत राहिले होते. लोखंड, निकेल, कोबाल्ट हे नेहमीचे उत्प्रेरक सगळे चुंबकीच, आणि आम्लाने धुतलं तरी ते पुरते जात नाहीत. तेव्हापासून प्रत्येक नमुन्याला मी एक जोडीदार ठेवतो: तीच नळी, तोच द्रावक, तेवढाच वेळ सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी नळ्या द्रावकात हलवून सुट्या करणारं यंत्र), फक्त रेणू नाही. सोनिकेटर चालू करून चहाला जाऊ नकोस. जास्त वेळ हलवलेल्या नळ्या तुटून आखूड होतात.

थंडीबद्दल विचारलं होतंस. २०१८ साली डिस्प्रोशियम या धातूच्या एका रेणूने ८० केल्विनपर्यंत चुंबकी स्मृती टिकवली, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विनच्या वर. पण तसले रेणू हवा सोसत नाहीत, नळीवर बसवणं फार अवघड. तू टर्बियमपासूनच सुरुवात कर.

पहिला महिना रेणूची बाटली उघडू नकोस. कोऱ्या नळीचा रामन वर्णपट (लेसरचा प्रकाश विखुरला की त्यावरून जाळीची कंपनं दाखवणारा आलेख) घे आणि १३५० प्रति सेंटिमीटरच्या आसपासचा, जाळीतला बिघाड दाखवणारा पट्टा १५९० च्या मुख्य पट्ट्याच्या मानाने किती उंच आहे ते वहीत लिही. मग नुसतं पायरीन लावून पुन्हा घे, म्हणजे जाळी शाबूत राहिली का ते कळेल. दोन्ही आलेख मला पाठव, मी त्याच दिवशी बघतो.

तुझे,
सर